गंगेच्या पाण्याच्या खुणा : दुतोंड्या मारुतीपासून ३७५ मीटरपर्यंत



सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं. खाली माजलगावचंही पाणी येतच होतं. त्या दिवसांत आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर दर तासाला आकडे पडत होते. आकडे खरे होते, वेळेवर होते. पण पारावरच्या दहा माणसांना विचारलं, "तीन लाख म्हणजे आपल्या शिवारात पाणी कुठवर येणार?" तर दहा उत्तरं मिळायची. कुणी म्हणे मळईपर्यंत, कुणी म्हणे रस्त्यापर्यंत, कुणी म्हणे काही होत नाही, २००६ लाही असंच म्हणत होते.

आपल्या आज्या-पणज्यांना क्युसेक माहीत नव्हता, पण पाणी कुठल्या दगडाला लागलं म्हणजे काय करायचं, हे माहीत होतं. आपल्याकडे आकडा आला आणि दगड विसरला. दोन्ही एकत्र असल्याशिवाय नदीकाठच्या माणसाला उपयोग नाही, एवढंच मला या नोंदीत सांगायचंय. त्यासाठी जरा मागं जावं लागेल.

दगड, देऊळ आणि घंटा

गोदावरीला आपण गोदावरी म्हणतच नाही. आपली ती गंगा. काठचा मुलूख गंगथडी, गावाचं नाव गंगाखेड. संत जनाबाईचं हे गाव. इथून ती पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेली, म्हणजे गंगेकाठून भीमेकाठी. तिथंही नदीच्या पात्रात पुंडलिकाचं देऊळ आहे, आणि भीमेला पाणी किती आलं हे आजही लोक त्या देवळावरून सांगतात.

अशी खूण नदीकाठच्या प्रत्येक गावाला होती. कुठं घाटाची ठरावीक पायरी, कुठं म्हसोबाचा दगड, कुठं काठावरचं जांभळीचं झाड. आणि नुसती खूण नव्हती, तिला काम जोडलेलं होतं. पहिल्या खुणेला पाणी लागलं की काठावरची जनावरं वर आणायची. दुसऱ्या खुणेला होडी बंद, नावाडी वल्ही घेऊन घरी. तिसऱ्या खुणेला खालच्या आळीनं धान्याची पोती हलवायची. हे कुणी कागदावर लिहिलं नव्हतं. पोराला गुरं राखायला नदीवर पाठवताना सांगितलं जायचं, आणि ते त्याच्या डोक्यात राहायचं.

सगळ्यांत प्रसिद्ध खूण आपल्याच नदीवर, पण वर नाशिकला आहे. पंचवटीत गोदापात्रातला दुतोंड्या मारुती. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला लागलं, यावरून नाशिककर पूर सांगतात. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टात तो पाण्याखाली गेला तेव्हा नाशिकच्या माणसाला दुसरं काही सांगावं लागलं नाही. तिथंच १७४७ चं नारोशंकराचं देऊळ आहे. त्याची मोठी घंटा ही वसईच्या विजयाची आठवण, १७३९ ची. पूर किती मोठा हे सांगताना नाशिकमध्ये या घंटेचं नावही निघतंच.

या खुणांची एक ताकद होती. त्या तिथल्या तिथं दिसत होत्या. पाणी आणि खूण एका नजरेत. मधे कुणी अधिकारी नाही, मोबाईल नाही, रेंज गेली तरी अडत नाही. त्यांची मर्यादा म्हणजे त्या पाणी आल्यावर सांगत. येणार आहे, हे सांगत नसत.

दोन हजार वर्षांपूर्वीचा होडीचा कायदा

पूर आणि होडी यांचे नियम इंग्रजांनी आणले असं वाटत असेल तर कौटिल्याचं अर्थशास्त्र बघावं. ग्रंथ साधारण दोन हजार वर्षांच्या आसपासचा. त्यात पुराच्या संकटावर सरळ सूचना आहेत. नदीकाठच्या गावांनी पावसाळ्यात पुराच्या जागेपासून दूर राहावं. लाकडं, बांबू आणि नावा जवळ ठेवाव्यात. कुणी वाहून चाललं तर भोपळे, कातड्याच्या पखाली, तराफे, जे मिळेल त्यानं वाचवावं. ज्याच्याजवळ साधन असून तो मदतीला धावला नाही, त्याला दंड.

त्याच ग्रंथात नावाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. ठरलेल्या घाटाशिवाय आणि ठरलेल्या वेळेशिवाय नदी ओलांडणाऱ्याला दंड आहे. आणि माणसं कमी असल्यानं, सामान अपुरं असल्यानं किंवा दुरुस्ती न केल्यानं नाव बुडाली, तर भरपाई त्या नावाध्यक्षानं करायची, असंही लिहिलंय. म्हणजे होडी बुडाली की "दैव" म्हणून मोकळं व्हायची सोय नव्हती. डागडुजी कुणी केली नाही, हा प्रश्न आधी.

यातला भोपळा आपल्याला नवा नाही. वाळलेले भोपळे नाहीतर हलक्या लाकडाचे ओंडके एकत्र बांधले की सांगड. पाठीला सांगड बांधून विहिरीत पोहायला शिकलेली पिढी अजून गावागावांत आहे. विहिरी आटल्या, बोअर आले, आणि पोहणं शिकायची जागाच गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ती वेळ आठवा. त्या वर्षांत वाढलेल्या पोरांनी नदी पाहिली ती वाळूची. पुढं हीच पोरं भरल्या गंगेत मोटार काढायला उतरतात, हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

निजामाच्या राज्यातला धडा

परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्याला नदी मोजायची खरी निकड पटली ती राजधानी बुडाल्यावर. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला पूर आला. वर अतिवृष्टी झाली, पाणलोटातले दोनशेवर तलाव एकामागं एक फुटले आणि ते सगळं पाणी हैदराबाद शहरात शिरलं. हजारो माणसं गेली. अफझलगंजच्या दवाखान्याजवळच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. ते झाड आजही उस्मानिया दवाखान्याच्या आवारात दाखवतात.

पुढच्या वर्षी, १९०९ मध्ये, निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी पाऊस, पाणलोट आणि पुराचा हिशोब मांडून शहराच्या वरच्या बाजूला पूर अडवणारे दोन जलाशय सुचवले. तेच पुढं उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की त्यांनी शहरातलं पाणी बघून उपाय दिला नाही. वर पाऊस किती पडतो, तो किती वेळात खाली येतो, हे बघून दिला. खाली राहणाऱ्याची सुरक्षितता वरच्या मोजणीवर असते. चिंचेच्या झाडानं दीडशे माणसं वाचवली. वरून खबर वेळेत आली असती तर झाडावर चढायची वेळ बऱ्याच जणांवर आली नसती.

मोजपट्टी आली

स्वातंत्र्याच्या थोडं आधी, १९४५ मध्ये, केंद्रीय जल आयोगाची सुरुवात झाली. पुराचा अंदाज आधी सांगायचं काम आयोगानं १९५८ मध्ये दिल्लीत यमुनेवर सुरू केलं. आज ते देशभर चालतं आणि गंगाखेड हे त्यातलं गोदावरीवरचं एक केंद्र आहे. आयोगाच्या नोंदीत गंगाखेडची इशारा पातळी ३७४ मीटर आणि धोका पातळी ३७५ मीटर आहे.

आता इथं नेहमी गोंधळ होतो. ३७५ मीटर म्हणजे नदी ३७५ मीटर खोल, असं कुणी समजू नये. ही समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. पाण्याचा पृष्ठभाग समुद्रापासून तेवढा उंच. त्यामुळं आकडा मोठा दिसला तरी बघायचं ते शेवटचं एक-दोन मीटर. इशारा आणि धोका यांच्यात फक्त एक मीटरचं अंतर आहे. एक मीटर म्हणजे माणसाच्या कमरेएवढं. पाणी वेगानं चढत असेल तर हे अंतर काही तासांत संपतं. म्हणून ३७४ ला "अजून एक मीटर आहे" म्हणून बसून राहायचं नाही. हाताशी असलेला वेळ तोच.

प्रत्येक ठिकाणची पट्टी वेगळी, हेही लक्षात ठेवा. सांगलीला कृष्णेची पातळी आयर्विन पुलावर फुटांत मोजतात, इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. कोल्हापूरला पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर, ३९ आणि ४३ फूट. आपलीच गोदावरी तेलंगणात भद्राचलमला गेली की तिथंही फूट, पहिला इशारा ४३ ला, दुसरा ४८ ला, तिसरा ५३ ला. १९८६ मध्ये तिथं पाणी ७५ फुटांच्या वर गेलं होतं आणि जुलै २०२२ मध्ये ७१ फुटांच्या वर. यातला कुठलाही आकडा गंगाखेडच्या आकड्याशी लावता येत नाही. नांदेडचाही नाही. आकडा त्या पुलाचा, त्या घाटाचा असतो. नांदेडची बातमी बघून गंगाखेडात निर्णय घ्यायचा नाही, आणि गंगाखेडचा आकडा आपल्या शिवारालाही जसाच्या तसा लागत नाही. तो लावून घ्यावा लागतो. कसा, ते पुढं सांगतो.

१९७६ नंतर नदी बदलली

जायकवाडीचा पाया १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. वरच्या अंगाला दारणा १९१६ चं, प्रवरेवरचं भंडारदरा १९२६ चं. पण पैठणच्या नाथसागरानं आपल्याकडचा पूर ओळखायची रीतच बदलून टाकली.

धरणाआधी त्र्यंबक-नाशिकच्या घाटात पाऊस झाला की ते पाणी वाटेतल्या नद्या घेत सरळ आपल्याकडं यायचं. नाशिकला मारुती बुडाला ही खबर म्हणजे आपल्यालाही निरोप होता. आता ते पाणी आधी नाथसागरात जातं. धरणात जागा असेल तर नाशिकला महापूर येऊनही गंगाखेडचं वाळवंट कोरडं राहू शकतं. धरण भरलेलं असेल तर नाशिकच्या मध्यम पावसानंही दरवाजे उघडावे लागतात. म्हणून आता मारुतीचा गळा बघून भागत नाही. नाथसागर किती भरलाय, हे आधी बघायचं. पावसाळ्याच्या कुठल्या तारखेला किती साठा ठेवायचा याची जलाशय परिचालन सूची असते. त्याहून जास्त पाणी येत असेल तर ते सोडावंच लागतं.

२००६ च्या ऑगस्टात जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि धरणाच्या पायथ्याचं पैठणच पाण्यात गेलं. २०२५ चा विसर्ग त्याच्याही वर गेला. दोन्ही वेळा आपल्याकडचा धोका फक्त आपल्या डोक्यावरच्या ढगांवर अवलंबून नव्हता. जुन्या माणसांचा "आभाळ फाकलं, आता पूर ओसरेल" हा अंदाज इथं फसतो. ऊन पडलेलं असतं आणि गंगा चढत असते.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, २८.३२ लिटर. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटर. दहा हजार लिटरचे २८३ टँकर, प्रत्येक सेकंदाला. हाच विसर्ग २४ तास राहिला तर ८.६४ टीएमसी पाणी जातं. तीन लाख क्युसेक असेल तर दिवसाला सुमारे २६ टीएमसी. नाथसागराचा जिवंत साठा ७६-७७ टीएमसीच्या घरात आहे. म्हणजे तीन दिवसांत एक अख्खा नाथसागर आपल्या दारावरून जातो.

आणि फक्त जायकवाडीकडं बघून चालत नाही. माजलगाव धरणाचं पाणी सिंदफणेतून मंजरथला गंगेला मिळतं, ते आपल्या वर आहे. म्हणून दोन्ही विसर्गांची बेरीज करायची. पूर्णेचं पाणी मात्र आपल्या खाली कंठेश्वरजवळ मिळतं. येलदरी-सिद्धेश्वरची बातमी पूर्णा आणि नांदेडकडच्यांनी जास्त काळजीनं ऐकायची. मधे ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल असे बंधारे आहेत, आपल्या तालुक्यात मुळी, पुढं पालम तालुक्यात डिग्रस. त्यांचे दरवाजे कोणत्या स्थितीत आहेत, यानंही पाणी कधी आणि किती येणार ते ठरतं.

शिवाय गंगा भरली की ओढे उलटे भरतात. ओढ्याच्या पाण्याला पुढं जायला जागा मिळत नाही, फुगवटा येतो. नदीपासून दूर असलेलं शेत ओढ्याच्या वाटेनं पाण्यात जातं ते असं. हे पाणी संथ दिसतं. त्यातून ट्रॅक्टर घालणारे, बैलगाडी घालणारे त्या संथपणाला फसतात.

वाहतं पाणी स्वतः मोजायचं असेल तर

ही रीत शाळेतल्या पोरांनाही जमते आणि कृषी सहायकांनी गावात करून दाखवावी अशी आहे. ही कोरड्या दिवसांत, काठावरून करायची. पुरात नाही.

नदीचा किंवा ओढ्याचा सरळ तुकडा घ्या. काठावर २० मीटरवर दोन खुंट्या ठोका. वरच्या खुंटीच्या जरा आधी प्रवाहाच्या मधोमध वाळकी काटकी किंवा लिंबू टाका आणि दोन्ही खुंट्यांमधला वेळ मोजा. तीन-चार वेळा करून सरासरी काढा. समजा २५ सेकंद लागले, तर वेग सेकंदाला ०.८ मीटर. वरचं पाणी खालच्यापेक्षा वेगानं पळतं, म्हणून ०.८५ ने गुणायचं, ०.६८ आले. पात्र ६० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असेल तर छेद ९० चौरस मीटर. ९० गुणिले ०.६८ म्हणजे सेकंदाला ६१ घनमीटर, साधारण २,१६० क्युसेक.

एवढं एकदा केलं की लाखाच्या आकड्याचा अर्थ अंगाला लागतो. दोन हजार क्युसेकलाच पाणी छातीच्या वर आहे, तर लाखाला काय होईल, हे समजावून सांगावं लागत नाही.

अजून एक गोष्ट यातून कळते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून "काल एवढ्याच पाण्यातून गेलो होतो" हे आज खरं धरू नका. खोली तीच असेल, वेग तो नसतो. जोराच्या प्रवाहात १५ सेंटिमीटर पाणीही माणसाचा पाय सोडवू शकतं. ३० सेंटिमीटरला छोटी मोटार तरंगायला लागते आणि ६० सेंटिमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात. पुलावरून पाणी चाललंय आणि खाली पूल आहे की खचलाय हे दिसत नाही, तिथं गाडीचा हिशोबच संपतो. महाडला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजी काळातला पूल पुरात गेला आणि दोन एसटी बस त्यात पडल्या. चालकांना अंधारात पूल गेलेला दिसला नाही.

होडीत बसण्याआधी

८ ऑगस्ट २०१९, सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ. आयर्विनला पाणी ५७ फुटांकडं निघालं होतं. गाव पाण्यानं वेढलेलं. लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला, त्यात बाया आणि लेकरं जास्त. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अंगात जीवरक्षक जॅकेटं नव्हती. त्या माणसांनी काही चुकीचं धाडस केलं नव्हतं, ती जीव वाचवायलाच निघाली होती. उशीर झाला की वाचवणारी बोटच अपुरी पडते. खूण लागली तेव्हाच गाव हललं तर होडीची गरज चालत्या ट्रॅक्टरनं भागते.

२१ मे २०२४, उजनी. करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडं निघालेली होडी वादळी वाऱ्यात बुडाली, सहा जण गेले. पूर नव्हता, उन्हाळा होता, धरणाचं पाणी स्थिर होतं. वाऱ्यानं लाटा उठल्या आणि होडीत पाणी शिरलं. म्हणजे नुसती पातळी बघूनही भागत नाही, वारा आणि आभाळ बघावं लागतं. मे-जूनमधली दुपारनंतरची वेळ जलाशयावर होडी घालायची नाही, हे मी तरी पक्कं धरलंय.

या दोन घटनांवरून आणि जुन्या नावाड्यांकडून ऐकलेल्या रीतीवरून मी जे पाळतो ते असं.

माणसं बसल्यावर होडीचा काठ पाण्यापासून किमान वीतभर वर राहिला पाहिजे. राहत नसेल तर माणसं उतरवायची, मग कुणीही पाहुणा असो. भार मधे आणि खाली, पोती काठावर नाहीत. कुणीही उभं राहायचं नाही. पलीकडून ओळखीचं कुणी हाक मारली म्हणून सगळे एका अंगाला झुकतात, होडी उलटायला तेवढं पुरतं.

जॅकेट अंगात घालायचं, बुडाखाली उशी म्हणून ठेवायचं नाही. ते नसेलच तर झाकण घट्ट लावलेला रिकामा २० लिटरचा कॅन काखेत दोरीनं बांधलेला असावा. पाण्यातल्या माणसाचं डोकं वर ठेवायला साधारण पाच किलोची उचल पुरते, कॅन त्याहून बराच जास्त देतो. ही आजची सांगड. पण ती संथ पाण्यापुरती, जोराच्या धारेत तिच्या भरवशावर उतरायचं नाही.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला होडी, पोहणं, मासे धरणं, काहीच नाही. भिंतीवरून पडणारं पाणी खाली उलटं फिरतं आणि माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडं ओढतं. पट्टीचा पोहणाराही तिथून सुटत नाही.

जुन्या उतारावर विश्वास ठेवायचा नाही. आजोबांच्या काळात जिथं पायउतार पाणी होतं तिथं आज वाळू उपशाचे खड्डे आहेत. वरून पाणी सपाट दिसतं, खाली दोन पुरुष खोल असतं.

कुणी बुडताना दिसलं तर मागं उडी मारायची नाही. दोरी, कॅन, बांबू, ठिबकची नळी, सोडलेलं धोतर, लुगडं, जे हाताला लागेल ते फेकायचं आणि काठावर आडवं पडून ओढायचं. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो, आणि मग एका घरातून दोन जातात. अर्थशास्त्रानं साधन वापरून वाचवा म्हटलंय, ते यासाठीच.

आणि मोटार. आपल्या काठच्या शेतकऱ्याला पाण्यात ओढणारी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे मोटार. पाणी चढायला लागलं की पहिली आठवण तिचीच होते, कारण तिच्यात पैसा अडकलाय. मोटार काढायची असेल तर ती पहिल्या खुणेला, दिवसा, दोघांनी मिळून, वीज डीपीवरून बंद केली याची खात्री करून. पाणी पेटीला लागल्यावर मोटार नदीची. ती परत घेता येते.

आपली खूण आपण घालू

शेवटी कामाचं. मी यंदा शिवारात तीन खुणा रंगवल्यात. वाटेतल्या सिमेंटच्या खांबावर, कारण झाड पडतं आणि दगड हलतो. पहिली पिवळी, मोटार आणि जनावरांची. दुसरी केशरी, होडी आणि ओढ्याची वाट बंद करायची. तिसरी लाल, वस्ती सोडायची. शासनाच्या पूररेषाही अशाच रंगांच्या असतात, निळी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. त्या नकाशावर असतात, आपल्या खांबावर त्या कुणी येऊन काढणार नाही.

खांबाजवळ पाणी आलं की वहीत एक ओळ लिहायची. तारीख, वेळ, पाणी खुणेच्या किती वर-खाली, त्या वेळी गंगाखेडची पातळी किती, जायकवाडीचा आणि माजलगावचा विसर्ग किती आणि तो कधी सुरू झाला. केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच हे ॲप २०२३ पासून आहे, पातळी त्यात दिसते. दोन-तीन पावसाळे अशी वही ठेवली की कळतं, जायकवाडीतून इतकं पाणी सुटलं की आपल्या खांबाला इतक्या तासांनी, इतकं लागतं. हे उत्तर कुठल्याही कार्यालयात तयार मिळत नाही, कारण ते फक्त आपल्या खांबाचं आहे. पंचनाम्याच्या वेळीही तारखेची नोंद आणि खांबासकट फोटो कामाला येतो.

गावात पोहणारे कोण, कुणाकडं लांब दोर आहे, कुणाच्या ट्रॅक्टरला मोठी ट्रॉली आहे, एकट्या म्हाताऱ्या माणसांची घरं कुठली, ही यादी पोळ्याच्या आधी ग्रामपंचायतीत लावून ठेवा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, तातडीचा ११२. दोन्ही मोबाईलमध्ये नको, भिंतीवर रंगवा. मोबाईल पुरात आधी बंद पडतो.

ज्यांच्या घरात सत्तरीच्या पुढचं माणूस आहे त्यांनी या आठवड्यात त्यांना नदीवर घेऊन जा आणि जुनी खूण कुठली ते विचारा. १९७६ च्या आधीचं पाणी पाहिलेली माणसं आता थोडीच उरलीत. त्यांनी दाखवलेली जागा धरणानंतरच्या पाण्याला जशीच्या तशी लागणार नाही, पण पाणी शिवारात कुठल्या वाटेनं शिरतं ते त्यांनाच माहीत आहे. ती वाट अजून तीच आहे.